गळ्यातली नस मोजतात कशी?

मागच्या भागात आपण घशातल्या चौकाबद्दल बोललो. श्वास एका बाजूला, घास दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये वाहतूक पोलिसासारखं उभं असलेलं स्वरयंत्र. त्या भागानंतर आलेल्या प्रश्नांत एक प्रश्न बडोदा, इंदूर, बेळगाव अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून जवळजवळ सारख्याच शब्दांत आला. "घरात थायरॉईडचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणाले, आवाजाच्या नसेला धक्का लागायचा थोडा धोका असतो, पण आमच्याकडे नस तपासत राहणारं मशीन आहे. हे मशीन नेमकं काय करतं? आणि त्याच्या भरवशावर राहावं का?"

विचारणाऱ्यांपैकी एक ताई शाळेत शिकवतात. आवाज हीच त्यांची रोजीरोटी. म्हणून आजचा अख्खा भाग या एका प्रश्नाला दिला आहे. मशीनवर जी रेघ उमटते ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे माणसाच्या गळ्यात कळण्याआधी डुकरं, मांजरं आणि कुत्री यांच्या गळ्यात तपासलं गेलं आहे. तेव्हा तिथूनच सुरुवात करावी लागेल. प्राण्यांवरचे प्रयोग ऐकवत नाहीत अशी मंडळीही आपल्यात आहेत, ते मला ठाऊक आहे. मी काही लपवणार नाही, पण उगाच रंगवूनही सांगणार नाही.

आधी एक शब्द नीट करून घेऊ. आपण मराठीत 'नस' म्हणतो तेव्हा अर्ध्या लोकांच्या डोळ्यांपुढे हातावरची निळी रेघ येते. ती रक्तवाहिनी, म्हणजे शीर. आजची नस म्हणजे नर्व्ह, मेंदूचा निरोप नेणारी तार. पुस्तकात तिला चेतातंतू किंवा मज्जातंतू म्हणतात. मी आज नसच म्हणणार आहे, कारण डॉक्टर तुमच्याशी बोलताना तोच शब्द वापरतात.

स्वरयंत्राला दोन्ही बाजूंनी दोन-दोन नसा येतात, आणि चारही येतात एकाच घराण्यातून. व्हेगस नावाची जी दहावी मस्तक-नस कवटीतून निघून मानेतून खाली छाती-पोटाकडे जाते, तिच्या या फांद्या. वरची फांदी मानेत वरच सुटते. घशात पाण्याचा थेंब चुकीच्या वाटेला गेला तर त्याची बातमी मेंदूला हीच देते, शिवाय स्वर चढवताना स्वरपट्टी ताणणारा एक स्नायू हिच्या ताब्यात असतो. खालची फांदी मात्र विक्षिप्त. ती स्वरयंत्राजवळून सरळ खाली निघून जाते, डाव्या बाजूला थेट छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर मानेत येते. उजवीकडची फांदी गळ्याच्या पायथ्याशी हाताकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालून परतते. म्हणून तिचं नाव रिकरंट, म्हणजे परतणारी नस. ठाण्याहून दादरला जायचं म्हणून गाडीत बसावं आणि गाडीनं आधी कुलाबा दाखवून मग दादरला आणावं, तसा हा प्रवास. याचं कारण गर्भात दडलेलं आहे. हृदयाजवळच्या रक्तवाहिन्या गर्भात गळ्याशी असतात, त्या पुढे छातीत उतरतात आणि त्यांच्या खालून गेलेली नस त्यांच्याबरोबर खाली ओढली जाते. जिराफात हीच नस चार मीटरांहून लांब असते. गंमत म्हणून ठीक, पण हा लांबीचा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुन्हा लागणार आहे.

स्वरपट्ट्या उघडणारे, मिटणारे, आखडणारे बाकी सगळे स्नायू या परतणाऱ्या नसेवर चालतात. आणि ती जाते थायरॉईड ग्रंथीच्या अगदी पाठीला चिकटून. शस्त्रक्रियेतला सगळा घोर इथे आहे. एका बाजूची नस दुखावली तर आवाज बसतो, घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही बाजूंच्या दुखावल्या तर स्वरपट्ट्या मध्यभागी येऊन अडकतात आणि प्रश्न आवाजाचा राहत नाही, श्वासाचा होतो. गळ्याला भोक पाडून नळी बसवायची वेळ येऊ शकते.

ही नस आवाजाची आहे हे पहिल्यांदा नीट दाखवलं गेलं ते रोममध्ये, अठराशेहून अधिक वर्षांपूर्वी. गेलन नावाचा ग्रीक वैद्य. त्या काळातले मोठमोठे तत्त्वज्ञ म्हणत, बोलणं छातीतून येतं, म्हणजे विचार करणारा अवयव हृदय असणार. गेलनने जिवंत डुक्कर घेतलं. डुक्कर अशासाठी की त्याच्याएवढं मोठ्याने कोणी किंचाळत नाही. माकड का नको, तर वेदनेने पिळवटलेला त्याचा चेहरा बघवत नाही, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. भूल नावाची गोष्ट तेव्हा नव्हती. डुकराच्या मानेतल्या या बारीक नसांभोवती त्याने दोरा ओवला. दोरा आवळला की किंचाळणं बंद, जनावराची धडपड मात्र चालूच. दोरा सैल केला की आवाज परत. हृदयाला हातही लावलेला नाही. म्हणजे आवाजाचा हुकूम मेंदूकडून येतो.

या सभेची एक हकिकत मला फार आवडते. बोएथस नावाच्या रोमन सरदाराने जाणकार मंडळी जमवली होती. प्रयोग सुरू होणार तोच अलेक्झांडर नावाच्या तत्त्वज्ञाने प्रश्न टाकला, पण इंद्रियांना जे दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे आधी ठरवायला नको का? गेलन भडकला आणि उठून चालता झाला. प्रयोग पुढे झाला, तो वेगळा. पण त्या तत्त्वज्ञाचा प्रश्न मला वाटतो तितका खुळचट नव्हता. मशीनवर रेघ दिसते, तिच्यावर कितपत विश्वास ठेवायचा, हे आपण आजही विचारतोच आहोत.

गेलनने नस शोधली, पण त्याचं मोजमाप 'आवाज आहे' किंवा 'आवाज नाही' एवढंच होतं. मधल्या पायऱ्या मोजायला वीज यावी लागली. एकोणिसाव्या शतकात योहानेस म्युलर हा जर्मन शरीरशास्त्रज्ञ मृत माणसांची स्वरयंत्रं काढून त्यांत हवा फुंकून स्वर काढून बघत असे. नसेतून निरोप इतका झपाट्याने जातो की त्याचा वेग मोजता येणं कठीण, असं त्याचं मत होतं. त्याचाच विद्यार्थी हेल्महोल्ट्झ याने १८५० साली बेडकाच्या पायावर तो मोजला. सेकंदाला तीसेक मीटर, थोडा इकडे-तिकडे. घोडाही याहून फार मागे पडणार नाही. विजेसारखा निरोप वगैरे कल्पना तिथेच गळून पडली. निरोपाला वेळ लागतो, आणि वेळ मोजता येतो.

आता मोजतात कसं ते बघू. जनावराला पूर्ण भूल दिलेली असते. मान उघडून नस मोकळी करतात आणि तिच्यावर टेकवतात एक बारीक इलेक्ट्रोड. त्यातून विजेचा एक टिचकीएवढा ठोका जातो, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता, एखाद्या मिलिअँपिअरचा. दुसरीकडे स्वरपट्टीच्या स्नायूत केसासारख्या तारा खोवलेल्या असतात, किंवा श्वासाच्या नळीवरच इलेक्ट्रोडच्या पट्ट्या असतात आणि त्या स्वरपट्ट्यांना टेकलेल्या असतात. ठोका दिला की काही मिलिसेकंदांनी स्नायूतून विजेची एक लाट येते. पडद्यावर एक डोंगर, एक दरी. बस, एवढंच.

त्या लाटेत दोन गोष्टी वाचायच्या. पहिली, ठोका आणि लाट यांत किती वेळ गेला. त्याला लेटन्सी म्हणतात, आपण उशीर म्हणू. दुसरी, लाट किती उंच. उंची सांगते किती तंतूंनी निरोप पोचवला, आणि उशीर सांगतो की पोचवणारे तंतू धडधाकट आहेत की लंगडत आहेत. माणसात डाव्या बाजूला मानेतल्या व्हेगसला ठोका दिला तर साधारण आठ मिलिसेकंदांनी लाट येते, परतणाऱ्या नसेला स्वरयंत्राजवळ दिला तर चारेकच. फरक कशाचा? व्हेगसवरून निघालेला निरोप छातीत जाऊन वळसा घालून येतो, त्या वाटेचा. मघाशी लांबी लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी.

ऐकायला सोपं वाटतं, पण ही लाट फार लहान असते. शस्त्रक्रियेत शंभर मायक्रोव्होल्ट ही एक महत्त्वाची रेषा मानतात. शंभर मायक्रोव्होल्ट म्हणजे रिमोटमध्ये घालतो त्या पेन्सिल सेलच्या दीड व्होल्टचा पंधरा हजारावा भाग. आणि खोलीत तर सगळीकडे विजेचा गोंगाट. दिवे, पंप, मॉनिटर, सगळे सेकंदाला पन्नास आवर्तनांनी गुणगुणतात. मग यातून आपली लाट वेगळी कशी करायची? एक युक्ती अशी. वरातीत बँड वाजतोय, तुमच्या दोन्ही कानांत तो सारखाच शिरतोय. तेवढ्यात उजव्या कानाशी कोणीतरी कुजबुजलं. उजव्या कानातून डाव्या कानाचा आवाज वजा करता आला तर बँड गेला आणि कुजबुज उरली. दोन इलेक्ट्रोड जवळजवळ लावून यंत्र हीच वजाबाकी करतं. तरीही गोंगाट उरला तर ठोका शंभर वेळा देतात आणि शंभर रेघांची सरासरी काढतात. खरी लाट दर वेळी त्याच क्षणी येते, गोंगाट वाटेल तेव्हा. सरासरीत गोंगाट दहापट कमी होतो.

पुन्हा ठोका किती जोराचा द्यायचा हा प्रश्न आहेच. कमी जोर दिला तर फक्त जाड तंतू जागे होतात, म्हणजे लाट लहान. जोर वाढवत नेला की एका टप्प्यानंतर सगळे तंतू जागे झालेले असतात, मग लाट वाढत नाही. मोजमाप या टप्प्याच्या थोडं वर करायचं. नाहीतर पहिल्या आणि दुसऱ्या वेळची तुलना फुकट. मी शरीरशास्त्र शिकवायचो तेव्हा विद्यार्थ्यांना ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी वाटायची, आणि परीक्षकाला सगळ्यात आवडायची.

आतापर्यंत सांगितलं ते नसेकडून स्नायूकडे जाणाऱ्या निरोपाबद्दल. दुसरी एक जात आहे, प्रतिक्षेपाची. इथे ठोका द्यायचा वरच्या फांदीला, म्हणजे बातमी नेणाऱ्या नसेला. बातमी मेंदूच्या बुंध्यात जाते, तिथून हुकूम सुटतो आणि परतणाऱ्या नसेतून स्वरपट्ट्या मिटतात. पाणी चुकीच्या वाटेला गेलं की आपण विचार करायच्या आत दार बंद होतं, ते हेच. १९७६ मध्ये सासाकी आणि सुझुकी यांनी मांजर, कुत्रा आणि माणूस यांच्यात हा प्रतिक्षेप शेजारी शेजारी मोजून प्रसिद्ध केला. पहिली लाट लवकर येते, ठोका दिलेल्या बाजूला. मागून एक उशिराची लाट येते, दोन्ही बाजूंना. भूल खोल झाली की या लाटा विरत जातात, आधी पलीकडच्या बाजूच्या आणि उशिराच्या. म्हणून प्राण्यावरचा निष्कर्ष वाचताना मी पहिल्यांदा भूल कोणती आणि किती खोल होती तेच बघतो. ते लिहिलेलं नसेल तर पुढचं वाचायची मला फारशी घाई नसते.

हा प्रतिक्षेप तान्ह्या जनावरांत फार जोरकस असतो. कोकराच्या किंवा डुकराच्या पिल्लाच्या स्वरयंत्रावर पाण्याचे काही थेंब पडले तर नुसतं दार मिटत नाही, श्वासच थांबतो, हृदयाचे ठोके मंदावतात. पिल्लाचं अंग तापलेलं असेल तर हा थांबा लांबतो. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं कोडं सोडवू पाहणाऱ्यांनी म्हणून या पिल्लांचा एवढा अभ्यास केला. पूर्ण उत्तर त्यातून मिळालेलं नाही. पण बाळाला फार गुंडाळून तापू देऊ नका असं डॉक्टर बजावतात, त्याच्याशी ही निरीक्षणं जुळतात.

घोड्यांचीही एक गोष्ट सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या शर्यतींशी संबंध असलेल्या मंडळींना ती ओळखीची असेल. उंच, लांब मानेच्या घोड्यांत डावी परतणारी नस टोकाकडून झिजू लागते. सगळ्यात लांब तार सगळ्यात आधी कुजावी तसं. मग डावी स्वरपट्टी पुरती उघडत नाही आणि घोडा धावताना घुरघुर करतो. पूर्वापार पशुवैद्य एक साधी चाचणी करतात. घोड्याच्या वशिंडामागे एका बाजूला थाप मारायची, की विरुद्ध बाजूची स्वरपट्टी टचकन मध्ये येते. थापेची बातमी पाठीच्या कण्यातून वर जाते, बाजू बदलते आणि परतणाऱ्या नसेतून उतरते. नंतर याच थापेला इलेक्ट्रोड जोडून उशीर मिलिसेकंदांत मोजला जाऊ लागला. हाताची थाप आणि यंत्राची रेघ एकाच कामाला लागलेली मला दुसरीकडे फारशी दिसली नाही.

आता वळतो एका भांडणाकडे, कारण नसेची लाट दिसली म्हणजे सगळं कळलं असं मानणाऱ्यांची त्यात फजिती झाली. १९५० साली पॅरिसमध्ये राउल ह्युसाँ याने मांडलं की स्वरपट्टीचं प्रत्येक कंपन हा नसेच्या एकेका ठोक्याचा परिणाम असतो. म्हणजे हवा निमित्तमात्र, खरा वाजवणारा मेंदू. कल्पना मोहक होती, गाणाऱ्यांना तर फारच भावली. पण हिशेब करून बघा. काळी चारमध्ये गाणाऱ्या बाईंचा तार षड्ज सेकंदाला सुमारे ४१५ कंपनांचा. एका कंपनाला अडीच मिलिसेकंदांहून थोडा कमीच वेळ. डावी वाट उजवीपेक्षा दहाएक सेंटिमीटर लांब. निरोपाचा वेग सेकंदाला पन्नास मीटर धरला तर डावीकडचा ठोका दोन मिलिसेकंद मागे राहणार. म्हणजे उजवी पट्टी जवळजवळ एक अख्खं कंपन पुढे. असा आवाज कसा लागेल? ह्युसाँ म्हणे, तंतू पाळीपाळीने काम करत असतील. ठीक. मग प्राण्यांवर करून पाहिलं. कुत्र्याला भूल देऊन, हवा न फुंकता नुसत्या नसेला भराभर ठोके दिले. पट्ट्या जवळ आल्या, ताणल्या गेल्या आणि तशाच आवळून राहिल्या, कंपन नाही. खालून हवा सोडली तर लगेच स्वर. आणि ठोक्यांची गती बदलून स्वराची पट्टी तशी बदलेना, हवेचा दाब आणि पट्टीचा ताण बदलला की बदले. १९५८ मध्ये ग्रोनिंगेनच्या फान डेन बेर्ग याने हवा आणि लवचीकपणा यांचा सिद्धान्त नीट मांडला आणि ह्युसाँची बाजू मागे पडली. नस वीणेची तार पिळते, छेडत नाही.

पण भांडण संपलं म्हणावं तर मांजर आडवं गेलं. मांजराच्या गुरगुरण्यात सेकंदाला वीस-तीस वेळा स्वरयंत्राचे स्नायू खरोखरच ठोके घेतात, हे १९७२ साली रेमर्स आणि गोतिए यांनी इलेक्ट्रोड लावून दाखवलं. पन्नास वर्षं पाठ्यपुस्तकं तेच सांगत होती. इथे तरी प्रत्येक थरथरीमागे नस आहे म्हणून. मग २०२३ मध्ये युरोपातल्या एका गटाने आठ मांजरांची स्वरयंत्रं तपासली. असाध्य आजारामुळे त्या मांजरांना आधीच शांतपणे मृत्यू दिलेला होता आणि मालकांची संमती होती. काढलेल्या स्वरयंत्रात हवा सोडली, नस नाही, स्नायूत जीव नाही, आणि आठही स्वरयंत्रं पंचवीस ते तीसच्या पट्टीत गुरगुरली. मांजराच्या स्वरपट्टीत एक गादीसारखा जाड भाग असतो, तो तिला जड करतो. याने १९७२चं मोजमाप खोटं ठरत नाही. जिवंत मांजरात ते ठोके असतात. पण ते नसले तरी आवाज निघू शकतो. लाट मोजणं आणि लाटेमुळेच ती गोष्ट घडते हे दाखवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ह्या प्रयोगासाठी एकही मांजर मारावं लागलं नाही, हेही मला महत्त्वाचं वाटतं.

आता थायरॉईड. यासाठी डुक्करच निवडलं गेलं, गेलनसारखंच, पण कारण वेगळं. त्याच्या नसेची जाडी, स्वरयंत्राचा आकार माणसाच्या जवळचा, आणि माणसांचीच नळी त्याच्या घशात बसते. भूल दिलेल्या डुकराच्या व्हेगसभोवती एक लहानसा इलेक्ट्रोड अडकवून ठेवायचा, तो ठरावीक वेळाने ठोका देत राहतो, आणि लाटेची उंची व उशीर सतत नोंदले जातात. मग नसेला मुद्दाम तेच त्रास द्यायचे जे शस्त्रक्रियेत नकळत होतात. ओढ, दाब, भाजणं.

यातून जे कळलं ते सर्जनच्या हातापर्यंत पोचलं. नस ओढली गेली तर लाट हळूहळू खाली येते, उशीर वाढत जातो. म्हणजे इशारा मिळतो. त्याच वेळी ओढ सोडली तर काही मिनिटांत लाट बरीचशी सावरते. रक्त थांबवायच्या तापत्या उपकरणाने भाजली गेली तर मात्र लाट झपकन पडते आणि प्रयोग संपेपर्यंत वर येत नाही. तिथे इशाऱ्याला सवड नाही, अंतर ठेवणं हाच उपाय. उपकरण नसेपासून किती मिलिमीटर दूर ठेवायचं, वापरल्यावर किती सेकंद थंड होऊ द्यायचं, हेसुद्धा डुकरांवर मोजून ठरवलं गेलं. जिवंत माणसाची नस भाजून हे कोण ठरवणार होतं? भूलतज्ज्ञांचा प्रश्नही इथेच सुटला. स्नायू शिथिल करणारं औषध दिलं की नस ठणठणीत असली तरी लाट दिसत नाही, कारण निरोप दारापर्यंत येतो पण दार उघडत नाही. ते औषध किती कमी द्यावं, त्याचा उतारा कधी द्यावा म्हणजे लाट परत येते, हेही डुकरांवर पाहिलं गेलं.

आज शस्त्रक्रियागृहात जी ढोबळ गणितं वापरतात ती अशी. सुरुवातीला चांगली लाट होती आणि ती शंभर मायक्रोव्होल्टच्या खाली गेली, तर संकेत हरवला असं धरतात. उंची निम्म्याहून कमी झाली आणि त्याच वेळी उशीर दहा टक्क्यांहून वाढला, तर सर्जनने हात थांबवायचा. दोन्ही गोष्टी एकदम हव्यात. नुसती उंची कमी झाली तर कदाचित नळी जरा फिरली असेल आणि पट्टीला नीट टेकत नसेल.

याचा खरा उपयोग कुठे होतो सांगतो. पूर्ण ग्रंथी काढायची आहे. एक बाजू झाली आणि त्या बाजूची लाट गेली. नळी तपासली, औषध तपासलं, लाट नाहीच. अशा वेळी पुष्कळ सर्जन दुसऱ्या बाजूला त्या दिवशी हात लावत नाहीत. बंद करतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, पहिली नस सावरली की पुढचं करतात. रुग्णाला वाटतं, अर्धवट ऑपरेशन केलं. त्या अर्धवटपणात त्याचा श्वास वाचलेला असतो.

आणि मर्यादा? लाट आहे म्हणजे नस त्या क्षणी चालू आहे. उद्या सूज येऊन बिघडणार नाही याची हमी नाही. लाट नाही म्हणजे नस गेलीच असंही नाही. कित्येक स्वरपट्ट्या काही आठवड्यांनी पुन्हा हलू लागतात. आणखी एक गोष्ट उंदरांवरच्या कामातून कळली आहे. तुटलेली नस पुन्हा वाढते, स्नायूत विजेची लाटही दिसते, पण पट्टी हलत नाही. कारण वाढताना तंतू पत्ता चुकतात. उघडणाऱ्या स्नायूला मिटायचे तंतू, मिटणाऱ्याला उघडायचे. दोघे एकदम ओढतात आणि पट्टी जागच्या जागी. रेघ उत्तम, आवाज नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दुर्बिणीने स्वरपट्ट्या डोळ्यांनी बघणं मशीन असलं तरी टळत नाही.

प्राण्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. आपल्याकडे १९६०चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे, १९९८चे प्रयोगांसंबंधीचे नियम आहेत. प्रत्येक संस्थेत नीतिसमिती लागते. कुत्री, माकडं यांसारख्या मोठ्या प्राण्यांवर काम करायचं तर प्रस्ताव केंद्राच्या समितीपर्यंत जातो. जगभर याचा पाया रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये घातला. प्राण्याऐवजी दुसरं काही चालत असेल तर ते वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा. आपल्या नियमांनी त्यात प्रयोगानंतरच्या पुनर्वसनाची भर घातली. माझं मत विचाराल तर, भाजण्याचं अंतर ठरवणारे प्रयोग मला पटतात, कारण त्याचं उत्तर दुसरीकडे मिळत नव्हतं. तोच प्रयोग नव्या कंपनीच्या नव्या चिमट्यासाठी पुन्हा पुन्हा होतो तेव्हा मी अस्वस्थ होतो. सर्वांना हे पटेल असं नाही.

तर ज्या ताई शाळेत शिकवतात त्यांच्यासाठी. सर्जनला तीन गोष्टी निवांत विचारा. ऑपरेशनआधी माझ्या स्वरपट्ट्या दुर्बिणीने बघणार ना? पहिल्या बाजूची लाट गेली तर त्या दिवशी पुढे काय कराल? आणि वरच्या फांदीकडेही लक्ष असतं ना, कारण तिला धक्का लागला तर बोलणं वरवर नीट राहतं पण वरचे स्वर जातात आणि वर्गात हाक मारताना गळा लवकर थकतो. चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. मशीनच्या कंपनीचं नाव नाही विचारलं तरी चालेल.

पुढच्या भागात उचकी. कोणीतरी आठवण काढतंय म्हणून आपण पाणी पितो, पण तो 'उक्' आवाज येतो तो छातीचा पडदा झटका देतो त्यानंतर सुमारे पस्तीस मिलिसेकंदांनी हेच दार धाडकन मिटतं म्हणून. ते दार तेव्हा का मिटतं, यावर बोलू. प्रश्न पाठवत राहा.